डिस्नेच्या वाड्यातली बिऱ्हाडं : ऑरलँडोचं हॉटेल ठरवताना बडोदेकर विचारतात ते प्रश्न

भाऊ न्यू जर्सीत, नणंद अटलांटात, त्यामुळे आमचं ऑरलँडोला दोनदा जाणं झालं. एकदा सासूबाईंना घेऊन, एकदा भाचरांच्या पलटणीबरोबर. तेव्हापासून बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या घरी मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या आधी फोन सुरू होतात : "ताई, आतलं हॉटेल घेऊ की बाहेरचं?" तेच तेच सांगून घसा सुकला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. हे सगळं फ्लोरिडात ऑरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन-पार्कांच्या आवाराबद्दल आहे. पॅरिस आणि टोकियोचं थोडं पुढे येईल.

भागीदार हॉटेल म्हणजे डिस्नेचं की परक्याचं?

दांडिया बाजारातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा मालकाचा, पण आत चार-पाच बिऱ्हाडं. दिंडी दरवाजा कधी लावायचा ते मालक ठरवणार. चूल, पाहुणे आणि भांडणं ज्याची त्याची. डिस्नेच्या आवारात तस्संच आहे. कंपनीची स्वतःची वीसहून जास्त हॉटेलं आहेत, आणि त्यांच्या मधोमध मॅरियट, हिल्टन अशा दुसऱ्या कंपन्या चालवतात ती भागीदार हॉटेलं. जमीन बहुतेक ठिकाणी डिस्नेची, पण खोलीची चावी, बिल, रिफंड, तक्रार हे सगळं त्या दुसऱ्या कंपनीकडे. पार्कातल्या काही सवलती या बिऱ्हाडकरूंनाही मिळतात, काही मिळत नाहीत. सगळं घोडं इथेच अडतं, कारण जाहिरातीत दोन्हींवर "डिस्ने" हा शब्द सारख्याच टायपात असतो.

पण आवारात म्हणजे पार्कच्या दारातच ना? मग चालत जाऊ.

नाही हो! हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. डिस्ने वर्ल्डची जमीन सुमारे २५ हजार एकर आहे. आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसचं आवार ५०० एकर धरलं, तर तशी पन्नास आवारं. त्यात चार मोठी पार्कं विखुरलेली : मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). मध्ये हमरस्ते, तळी, जंगल. "आतल्या" हॉटेलातून पार्कात जायला बसने वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. बडोद्याजवळच्या आजव्याला सकाळी गाडी काढून गेलो आणि संध्याकाळी परत आलो, तसला हा मामला नाही.

कोणकोणती हॉटेलं या प्रकारात येतात?

पहिला गट स्वॉन, डॉल्फिन आणि स्वॉन रिझर्व्ह यांचा. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्या मध्ये. पहिली दोन १९९० साली उघडली, मायकेल ग्रेव्हज या वास्तुविशारदाची. एकाच्या छपरावर ४७ फुटी हंस, दुसऱ्याच्या छपरावर त्याहून उंच मासे. लांबूनही चुकायचे नाहीत. आमचा भाचा म्हणाला, हे मासे डॉल्फिनसारखे दिसतच नाहीत, आणि त्याचं बरोबर आहे. तिसरं, लहान, २०२१ सालचं. तिन्ही मॅरियटच्या छत्राखाली.

दुसरा गट डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेजवळच्या हॉटेल प्लाझा बुलेवार्डवरचा. हिल्टनची दोन, डबलट्री स्वीट्स, हॉलिडे इन, ड्रुरी प्लाझा वगैरे. मध्यमवर्गीय खिशाला सोसतील अशी बहुतेक इथेच.

तिसरा बॉनेट क्रीक. सिग्निया आणि वॉल्डॉर्फ अस्टोरिया इथे आहेत. हा तुकडा तीन बाजूंनी डिस्नेने वेढलेला आहे, पण डिस्नेच्या मालकीचा नाही. म्हणजे वाड्याला लागून असलेलं शेजारचं घर, ज्याचं दार मात्र वाड्याच्या चौकात उघडतं.

फोर सीझन्स २०१४ सालचं, बजेट विचारायचं नसतं असं. शेड्स ऑफ ग्रीन मोक्याच्या जागी आहे आणि भाव बघून जीव हरखतो, पण ते अमेरिकन सैन्यदलाशी संबंधित लोकांसाठीच आहे. जावई तिकडच्या फौजेत नसेल तर पुढे चला.

"लेक ब्युना व्हिस्टा" किंवा "डिस्ने एरिया" असं नावात असलं की ते आतलं समजायचं का?

नाही. अलकापुरीत ऑफिस नसलेलेही पत्त्यात "अलकापुरीजवळ" लिहितात, तसलाच प्रकार. डिस्नेच्या अधिकृत यादीत नाव आहे का तेवढं बघा.

एका वाक्यात सांगा, कोणतं घेऊ?

एका वाक्यात : तुमच्यातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस दुपारी दोनला खोलीवर परत येऊन, तास-दोन तास पडून, संध्याकाळी पुन्हा पार्कात जाऊ शकेल असं हॉटेल घ्या.

आता याचा विस्तार करते, कारण बाकीच्या प्रश्नांची बरीच उत्तरं यातच आहेत. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात घाम असा येतो की जूनमधलं बडोदं बरं वाटावं. दुपारी तीन-चारला बहुतेक रोज गडगडाटी पाऊस. चार वर्षांचं मूल आणि सत्तरीच्या आजी दोघंही एकाच वेळी, साधारण दीड वाजता, थकतात. त्या वेळी खोली जवळ असली तर दिवस दोन भागांत होतो आणि रात्रीची आतषबाजी सगळे मिळून बघतात. खोली लांब असली तर एक मोठा माणूस आजी आणि मुलासह परत जातो आणि बाकीचे अपराधी चेहऱ्याने राइडच्या रांगेत उभे राहतात. आमच्या पहिल्या ट्रिपला हे रोज झालं. हॉटेल स्वस्त होतं, नाश्ता छान, खोली ऐसपैस. परत येण्याचा मार्ग तेवढा कुणीच विचारला नव्हता.

भागीदार हॉटेलची बस आणि डिस्नेची बस यात फरक काय?

दोन फरक, आणि दुसरा कुणी सांगत नाही.

एक म्हणजे वारंवारता. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांच्या बसगाड्या दिवसभर लागोपाठ धावतात, तिकीट नाही. डिस्ने स्प्रिंग्जजवळच्या हॉटेलांची शटल मात्र दोन-तीन हॉटेलांची एकत्र असू शकते, वेळापत्रकावर चालते, आणि वेळापत्रक साधारण अर्ध्या तासाचं किंवा त्याहूनही विरळ. एक बस भरली की पुढची येईपर्यंत उभं राहायचं.

दुसरा फरक उतरण्याच्या जागेचा. मॅजिक किंगडमला डिस्नेच्या बसगाड्या थेट दाराशी सोडतात. भागीदार हॉटेलांच्या बऱ्याच गाड्या ट्रान्स्पोर्टेशन अँड तिकिट सेंटर नावाच्या ठिकाणी सोडतात. तिथून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट. आम्ही पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा सासूबाईंनी पदर सावरला, समोर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर तळं आहे. राजवाडा कुठाय?" राजवाडा पलीकडच्या काठावर होता, बोटाएवढा. मध्ये सेव्हन सीज लगून, माणसांनी खणलेलं. बोटीची मजा खरी, पण रात्री आतषबाजीनंतर हजारो लोक त्याच बोटीकडे निघतात. मग बोटीची रांग, त्यानंतर बसचा शोध, आणि मग कळतं की आपली शटल पाच मिनिटांपूर्वी गेली. आम्ही त्या रात्री सिमेंटच्या कट्ट्यावर पन्नास मिनिटं बसलो. सासूबाईंचा गुडघा आणि सहा वर्षांची झोपलेली भाची, दोन्ही माझ्या मांडीवर.

म्हणून बुकिंगच्या आधी ई-मेल करून तीन गोष्टी लेखी घ्या : शटल किती मिनिटांनी असते, मॅजिक किंगडमला कुठे सोडते, आणि पार्क बंद झाल्यानंतर शेवटची गाडी किती वाजता. उत्तर गुळमुळीत आलं तर तेच उत्तर समजा.

स्वॉन-डॉल्फिनला एवढे लोक का जातात?

पायामुळे. तिथून एपकॉटच्या मागच्या दाराशी चालत दहाएक मिनिटांत पोचता. हे दार इंग्लंड आणि फ्रान्सच्या मंडपांच्या मध्ये उघडतं. हॉलिवूड स्टुडिओज पंधरा-वीस मिनिटं, कालव्याच्या कडेने. चालायचं नसेल तर होडी आहे. चारातली दोन पार्कं बसशिवाय! आणि एपकॉटच्या त्याच दाराजवळ स्कायलायनर, म्हणजे २०१९ साली सुरू झालेले हवेतले पाळणे. पावागडच्या उडन खटोल्याची सवय असलेल्यांना त्याचं काहीच वाटणार नाही.

अडचणही सांगते. डॉल्फिन हे प्रचंड मोठं अधिवेशनाचं हॉटेल आहे, पंधराशेच्या वर खोल्या. मोठी परिषद असली की सकाळी लिफ्टमध्ये गळ्यात पट्टे अडकवलेली मंडळी आणि कॉफीची रांग लॉबीभर. लहान मुलं असलेल्यांना मी स्वॉन किंवा रिझर्व्ह सुचवते. मॅजिक किंगडमपासून तिन्ही लांब; तुमची मुलं राजकन्यांच्या वयाची असतील आणि तीन दिवस तिथेच जाणार असाल, तर या जागेचा अर्धा फायदा वाया.

पार्कात लवकर सोडतात म्हणे, ते भागीदारांनाही आहे का?

हो. डिस्नेच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना रोज, चारही पार्कांत, सगळ्यांच्या अर्धा तास आधी आत सोडतात. स्वॉन-डॉल्फिनचा गट, डिस्ने स्प्रिंग्जजवळची यादीतली हॉटेलं आणि बॉनेट क्रीकमधली ती दोन यांनाही ही सवलत आहे. अर्धा तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण त्यात एक-दोन मोठ्या राइड उरकतात, ज्यांना अकरा वाजता तास-तास उभं राहावं लागतं. अट एकच, दार उघडायच्या आधी तिथे हजर पाहिजे. शटलची पहिली गाडीच उशिरा असेल तर ही सवलत कागदावर. परत बसचाच प्रश्न!

रात्री उशिरापर्यंत थांबण्याची सवलत वेगळी. ती ठरावीक रात्री, ठरावीक पार्कात, आणि डिस्नेच्या महागड्या हॉटेलांना. भागीदारांपैकी स्वॉन, डॉल्फिन, रिझर्व्ह यांना मिळते. हॉटेल प्लाझा बुलेवार्डवाल्यांना नाही.

लाइटनिंग लेनचं काय? त्यातही भेद आहे?

आहे. ही पैसे देऊन रांग टाळायची सोय. २०२४ च्या जुलैपासून आतल्या हॉटेलातले पाहुणे चेक-इनच्या सात दिवस आधी, आणि एकदाच पुढच्या चौदा दिवसांपर्यंतचं, बुक करू शकतात. बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. स्वॉनचा गट सात दिवसांवाल्यांत आहे. बाकी भागीदारांबद्दल हॉटेललाच विचारा, आणि उत्तर ई-मेलवर घ्या. मागणी असलेल्या राइड या चार दिवसांच्या फरकात संपतात.

वेबसाइटवर भाडं कमी दिसतं, बिल जास्त येतं. असं का?

कारण तीन थर आहेत. भाडं, रिसॉर्ट फी आणि कर. रिसॉर्ट फी म्हणजे वाय-फाय, जिम, पाण्याच्या बाटल्या या नावाखाली रोजची सक्तीची रक्कम. वापरा नाहीतर वापरू नका. डिस्नेच्या स्वतःच्या नेहमीच्या हॉटेल खोल्यांना ती नाही, भागीदारांकडे बहुधा आहे. कर ऑरेंज काउंटीत साडेबारा टक्के, आणि तो फीवरसुद्धा.

उदाहरणादाखल आकडे धरू : भाडं २५० डॉलर, फी ४५. झाले २९५. त्यावर कर सुमारे ३७. म्हणजे ३३२. गाडी असेल तर हॉटेलचं पार्किंग वेगळं; ते ४० धरा. रात्रीचे ३७२ डॉलर. आता डिस्नेचं स्वतःचं मध्यम हॉटेल ३०० ला दिसत असेल तर कर धरून ३३८, पार्किंग फुकट. "स्वस्त" हॉटेल ३४ डॉलरने महाग निघालं.

मे २०२५ पासून तिथल्या केंद्रीय नियमाने सक्तीची फी आधीच किमतीत धरून दाखवावी लागते, त्यामुळे फसगत कमी झाली आहे. तरी कर आणि पार्किंग शेवटच्याच पानावर उगवतात. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

गाडी भाड्याने घ्यावी का?

भाऊ-भावजय चालवणार असतील तर जरूर. स्वतः पहिल्यांदाच उजव्या बाजूने चालवणार असाल तर ऑरलँडोचा आय-४ हमरस्ता शिकायची जागा नव्हे. शिवाय पार्कातलं पार्किंग दिवसाला ३० डॉलरच्या घरात. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ते माफ. भागीदार हॉटेलात राहून गाडी घेतलीत तर दोन्हीकडे पैसे, हॉटेलात रात्रीचे आणि पार्कात दिवसाचे. आम्ही दुसऱ्या खेपेला गाडी घेतली नाही. रात्री दमलो की टॅक्सीचं अ‍ॅप. पाच दिवसांचा टॅक्सीचा खर्च पार्किंगपेक्षा कमी झाला.

विमानतळावरून हॉटेल साधारण ३० किलोमीटर. डिस्नेची जुनी मोफत बस आता नाही. कुणी २०१५ साली जाऊन आलेले काका सांगतील, पण ती बंद झाली.

सहा जण आहोत. एक खोली पुरेल?

नेहमीच्या खोलीत दोन मोठे पलंग, चार माणसं. "आम्ही खाली गादी टाकू" हे तिथे चालत नाही. किती माणसं राहणार हे आगीच्या नियमात बसवलेलं असतं. दोन खोल्या घेणार असाल तर "कनेक्टिंग" मागा, म्हणजे मधलं दार असलेल्या. "अडजॉइनिंग" म्हटलं की नुसत्या शेजारी-शेजारी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला दुसरा शब्द कळला नाही आणि आजोबा रात्री दोनला नातवाच्या खोलीचा दरवाजा बडवत व्हरांड्यात. डबलट्रीमध्ये वेगळी बैठकीची खोली असलेले स्वीट आहेत, सोफा पलंग उघडतो. आजी-आजोबा बरोबर असलेल्यांना ही रचना आवडते.

शाकाहारी खाण्याचे हाल होतात का? एकादशी, चातुर्मास...

हाल नाहीत, कंटाळा येतो. पार्कांत वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते. आणि एक गंमत : डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना नावाच्या उपाहारगृहात वेगवेगळ्या पोळ्या-नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ. ६० दिवस आधी टेबल राखा. सासूबाई म्हणाल्या, चटणीत कोथिंबीर कमी आहे. पण ताट संपवलं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली आणि दारू सोडून. ठेपले, भाकरवडी, लीलो चेवडो सगळं आमच्या पाठपिशवीतून आत गेलं; सुरक्षेच्या माणसाने चेवड्याची पिशवी उघडून वास घेतला आणि हसून परत दिली. भारतातून नेताना मात्र विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करा, आणि ताजी फळं-भाज्या, बियाणं अजिबात नाही.

म्हणून खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे का ते बघा. इथे भागीदार हॉटेलं बाजी मारतात. डिस्नेच्या साध्या खोलीत फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली सामायिक जागेत. डबलट्री आणि ड्रुरीमध्ये दोन्ही खोलीत. ड्रुरीत सकाळचा गरम नाश्ता भाड्यातच येतो. सहा माणसांचा पाच दिवसांचा नाश्ता मोजलात तर ही रक्कम लहान नाही.

बडोद्याहून इलेक्ट्रिक किटली आणि छोटा कुकर नेऊ का?

नका. तिकडे वीज १२० व्होल्ट. मांडवीत घेतलेली १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ४०० वॉटची होते. आम्ही चहाचं पाणी ठेवलं, अंघोळी उरकल्या, पाणी अजून कोमटच. शिवाय खोलीत स्वयंपाकाचं उपकरण लावणं बहुतेक हॉटेलांत मना आहे. कॉफीच्या यंत्रात कॉफी न घालता नुसतं पाणी सोडा, चहाचं होतं. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलायचा तुकडा न्या.

व्हिसा आला नाही तर हॉटेलचे पैसे बुडतील?

परत न मिळणारं बुकिंग केलंत तर बुडतील. आपल्याला मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे आधी रद्द करता येणारं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. व्हिसा लागला की भाव पुन्हा बघा; कमी झाले असतील तर जुनं रद्द, नवं बुक. भागीदार हॉटेलांचे भाव डिस्नेच्या हॉटेलांपेक्षा जास्त खाली-वर होतात, कारण त्यांना अधिवेशनांची गिऱ्हाइकं असतात.

चेक-इनच्या वेळी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नको. हॉटेल खर्चापोटी रक्कम अडकवून ठेवतं, आणि डेबिट कार्डावर ती सुटायला दिवसचे दिवस जातात.

फार स्वस्तात तीन रात्री मिळत आहेत, "छोटंसं सादरीकरण" बघायचं आहे फक्त. घेऊ?

टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घराचा वर्षातल्या काही दिवसांपुरता हिस्सा विकायचा धंदा. नाश्त्याला बोलावतात, दीड तासाचे चार तास करतात, आणि आपले काका "नाही" म्हणायला लाजतात. सुट्टीतली एक सकाळ आणि थोडी अब्रू जाते. घेऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत जाणं कसं?

गुजरातच्या शाळांना २१ दिवस सुट्टी असते आणि हवाही उतरलेली, त्यामुळे मला तोच काळ आवडतो. एक मेख आहे. ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत मॅजिक किंगडममध्ये काही संध्याकाळी हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, नोव्हेंबरपासून नाताळची. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. आतषबाजी बघायची राहूनच जाते. आधी पार्टीच्या तारखा बघा, मग हॉटेलच्या. वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आहे, म्हणूनही रद्द करता येणारं बुकिंग. नवरात्रात कुणी बडोदेकर जाणारच नाही, त्यामुळे ते सांगत नाही.

हॉटेलच्या बुकिंगमध्ये पार्काचं तिकीट येतं का?

येत नाही. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं. तिकीट डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये टाकल्यावर हॉटेलचा पुष्टी क्रमांकही तिथेच जोडा, नाहीतर सकाळी दारावर लवकर सोडताना "तुमचं हॉटेल दिसत नाही" म्हणतात.

डिस्नेच्या मनगटाच्या पट्ट्यावर, म्हणजे मॅजिकबँडवर, खर्च टाकता येतो म्हणतात?

डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर. भागीदार हॉटेलात तो पट्टा पार्काच्या दारापुरता. पार्कातला खर्च खोलीच्या बिलावर जात नाही. माझ्या मते हा फायदाच आहे. पट्टा हातात असलेली भाची आणि आइस्क्रीमचं दुकान, मध्ये कुणी नाही.

पॅरिस किंवा टोकियोला हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, जागा वेगळ्या. पॅरिसजवळ भागीदार हॉटेलं शटलच्या अंतरावर आहेत, आणि मार्न-ला-व्हाले-शेसी स्टेशन पार्काच्या दारातच असल्याने शहरातून आरईआर ए गाडीनेही जाता येतं. युरोपच्या धावत्या टूरमध्ये एका रात्रीसाठी हॉटेल बदलायची हौस असेल तरच. टोकियोत हिल्टन, शेरेटन, ओकुरा वगैरे "ऑफिशियल" हॉटेलं समुद्राकाठी ओळीने उभी आहेत, आणि पार्कांना जोडणाऱ्या मोनोरेलचं बेसाइड स्टेशन त्यांच्याजवळ. पार्कात लवकर सोडण्याची सवलत मात्र तिथे डिस्नेच्याच हॉटेलांना. कॅलिफोर्नियातल्या "गुड नेबर" म्हणजे भागीदार हॉटेलांपैकी काही रस्त्याच्या पलीकडे आहेत आणि डिस्नेच्या काही हॉटेलांपेक्षाही चालत जवळ पडतात. म्हणजे शेजारी असून वाड्यातल्या काहींपेक्षा दाराशी आधी!

शेवटचा, आईचा प्रश्न : खोलीत देवापुढे निरांजन लावता येईल का? दिवाळी आहे.

नाही. ज्योत, उदबत्ती काहीच नको; धूर ओळखणारी यंत्रं छतालाच असतात, घंटा वाजली तर सगळा मजला पायजम्यात खाली उतरतो. आमच्या सासूबाईंनी बॅटरीचा दिवा नेला होता. कॉफीच्या यंत्राशेजारी गणपतीची छोटी तसबीर आणि पुढे तो लुकलुकणारा दिवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नेमका विझला. सेल हॉटेलच्या खालच्या दुकानात मिळतात. भाव मात्र विचारू नका, इथूनच चार जास्तीचे न्या.